पांदणीतली ओ

१

आधीच सांगून टाकते, मला घाबरवणं हे सोपं काम नाही. लातूरच्या एका क्लासमध्ये मी बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवते. मेंदू, कान, डोळे, सगळं फळ्यावर उघडं करून दाखवायचं हा माझा धंदा. शेजारणींना जिन्यात कुणाची तरी पावलं ऐकू येतात, मी जाऊन बघते तर घूस असते. तेव्हा पुढचं सगळं एखाद्या भित्र्या बाईनं लिहिलंय असं समजून वाचायला बसू नका.

शिवांश माझा धाकटा भाऊ. आम्ही त्याला शिवा म्हणतो. उदगीरच्या मोंढ्यात आमचं आडत दुकान आहे, अप्पा म्हणजे वडील गेल्यापासून ते शिवा आणि आमची आई, अव्वा, बघतात. माळरानातनं सायकल हाणायचं वेड मूळ त्याचं. ते त्यानं मला लावलं आणि आता मी त्याच्यापेक्षा जोरात चालवते हे तो चारचौघांत कबूल करत नाही. एवढाच आमच्यातला वाद.

अर्धापूरहून निघून लातूरला संपणारी दोन दिवसांची शर्यत आम्ही जोडीनं लावली होती. डांबरी सोडून सगळं त्या वाटेत येतं. केळीच्या बागांतले पाटाकडेचे रस्ते, बालाघाटाचे माळ, गाडीवाटा, रानांमधल्या अरुंद पांदणी. जोडीच्या गटाचा नियम एकच, दोघांनी मिळून शेवटची रेघ ओलांडायची. एकटा कितीही आधी पोचला तरी तो पोचलाच नाही असं धरतात.

आमची पद्धत अप्पांकडून आलेली. तरुणपणी ते बैलगाड्यांनी माल मोंढ्यात आणायचे. गाड्या एकामागं एक निघायच्या. पुढच्यानं हाक मारायची, मागच्यानं ओ द्यायची. ओ आली म्हणजे मागचा जागा आहे आणि गाडी वाटेवर आहे. एकदा ओ आली की वळून बघायचं नाही, असा त्यांचा कायदा होता. बघितलं की मागचा रागवायचा. माझ्या शब्दावर तुझा भरवसा नाही काय, म्हणून भांडणं व्हायची.

सायकलीवर हा कायदा जास्तच खरा. मऊ मातीच्या फुफाट्यातून जाताना मान वळवली की चाक चाकोरीत अडकतं आणि माणूस तोंडावर पडतो. म्हणून मी पुढं, शिवा मागं. दर वळणाला मी "शिवा?" म्हणायचं, त्यानं "हाव अक्का" म्हणायचं. चार वर्षं आम्ही असंच चालवलं आणि मी एकदाही मागं वळून बघितलं नाही. मला त्याचा अभिमानच होता.

२

पहिला दिवस झकास गेला. नांदेड ओलांडलं, लोह्याच्या माळावर ऊन खाल्लं आणि दिवस मावळायच्या आत अहमदपूरच्या मंगल कार्यालयात मुक्कामाला पोचलो. जोड्यांमध्ये आम्ही दुसरे होतो. पहिली जोडी हदगावच्या दोन पोरांची होती, आणि त्यांच्यातल्या एकाचा गुडघा सुजलेला मी जेवताना बघून ठेवला होता. मी मनातल्या मनात बक्षीस घेऊन मोकळी झाले होते.

शर्यत भरवणारा व्यंकट हा चाकूरकडचा शेतकरी, आमचा जुना ओळखीचा. तो वाढपी होऊन भाकरी वाढत फिरत होता.

"ताई, उद्या चाकूरच्या अलीकडं एक लांब पांदण लागती," तो म्हणाला. "दोनी अंगानं बाभळी हायत, आन् फुफाटा घोट्याइतका. मागच्याला कायबी दिसत न्हाई. अंतर ठिवून चला."

"रस्ता वापरात आहे ना?" मी विचारलं.

"हाय की. पन लोकं वरच्या सडकेनं जायलेत आताशा. लांब पडतंय, तरी तिकडूनच जातेत."

"का?"

"सवय लागली," म्हणून त्यानं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

शिवा शेजारी बसून पिठलं ओरपत होता. "अक्का, उद्या मी पुढं होऊ का?" तो म्हणाला. "तुझी धूळ खाऊन माझ्या पोटात वावर झालंय."

"जिंकून दे, मग पुढं हो," मी म्हटलं. तो हसला. त्याचं हसणं तसं लहानपणापासून मोठंच आहे, सगळं कार्यालय वळून बघायला लागलं.

३

दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत आम्ही पांदणीला लागलो. शिमगा होऊन गेला होता, दोन्ही बाजूंच्या रानात ज्वारीची काढणी चालली होती. व्यंकटनं सांगितलं तसाच फुफाटा होता. पुढचं चाक मैद्यात घातल्यासारखं रुतत होतं. शिवाला मी मागं राहायला सांगितलं आणि निघाले.

"शिवा?"

"हाव अक्का."

आवाज लांबून आला. बरोबर होतं, धूळ बसेपर्यंत तो थांबून थांबून येणार. त्याच्या मागच्या चाकाची टिकटिकही मधून ऐकू येत होती. पेडल मारायचं थांबवलं की त्याचं चाक इतकं वाजतं की मी त्याला सुतळी बॉम्बची वात म्हणते.

मग एक नाला लागला. कोरडा, पण धोंड्यांनी भरलेला, आणि उतार असा अंगावर येणारा. मी ओरडून सांगितलं, "नाला आहे, डावीकडनं घे." मागनं "हाव अक्का" आलं. मी धोंड्यांवरून खडखडत खाली गेले आणि पलीकडच्या चढाला लागले.

चढाला शिवा मागं पडतो. अव्वाच्या हातची गव्हाची गोड हुग्गी त्याच्या अंगाला लागलेली आहे, त्याला इलाज नाही. म्हणून वर पोचल्यावर मी जरा मोठ्यानंच हाक मारली.

"हाव अक्का."

ओ अगदी जवळून आली. दोन गाड्यांच्या अंतरावरून आल्यासारखी. मला आनंद झाला. पोरगं सुधारलं म्हटलं, चढाला चिकटून आलं.

पुढं सपाटी होती आणि नंतर लांबलचक उतार. उतारावर मी ब्रेक सोडून दिले. अशा वेळी आमच्यातलं अंतर वाढतं, कारण शिवा उतारावर जपून चालवतो. खाली आल्यावर हाक मारली.

"हाव अक्का."

तेवढ्याच अंतरावरून. दोन गाड्या.

तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की मघापासून त्याच्या चाकाची टिकटिक ऐकू येत नाही.

४

मी कारणं शोधली, आणि ती मला मिळालीही. आवाज म्हणजे हवेतली थरथर. दोन्ही बाजूंना बाभळी दाटलेल्या असल्या की ती बाहेर पसरत नाही, नळीतून यावी तशी सरळ येते, त्यामुळे लांबचं जवळ वाटतं. वारा पाठीवर होता. टिकटिक बारीक असते, माझ्याच सायकलीच्या खडखडाटात ती बुडणार. हे मी पोरांना समजावून सांगते तसं स्वतःला सांगितलं आणि पेडल मारत राहिले. पांदणीत फोनला रेंज नव्हती, पण फोन करायचा तरी कशाला, माणूस ओ देत होता.

तरी गंमत म्हणून मी हाक बदलली.

"शिवा, पाणी आहे का रे?"

"हाव अक्का."

थोडं पुढं गेल्यावर विचारलं, "पाणी संपलं का?"

"हाव अक्का."

तोच आवाज. शेवटी जरासा वर उचललेला. आणि मला जे खटकलं ते हे, की त्या आवाजात दम लागलेला नव्हता. मी स्वतः तोंडानं श्वास घेत होते. सकाळपासून सायकल हाणणाऱ्या माणसाच्या बोलण्यात मधे हवा शिरते, शब्द तुटतो. हा शब्द आत्ताच झोपून उठलेल्या माणसासारखा निवांत येत होता.

शिवाला थट्टेची सवय आहे. दमलेलं असताना बोलायचा कंटाळा येतो म्हणून तो सगळ्याला हाव म्हणत असेल. मी हसत विचारलं, "शिवा, अप्पांचं नाव काय रे?"

शंकरप्पा म्हणायला काय लागतं? अप्पांचं नाव घेऊन थट्टा तो करणार नाही. ते गेल्यापासून तर नाहीच.

"हाव अक्का," मागून आलं.

ओ आली होती. कायद्याप्रमाणे मला वळायचं कारण नव्हतं. मी दोन्ही ब्रेक दाबले, पाय टेकला आणि चार वर्षांत पहिल्यांदा मागं बघितलं.

पांदण सरळ होती. मी उडवलेली धूळ उन्हात हळूहळू खाली बसत होती. ती पूर्ण बसली आणि लांब उतारापर्यंतची सगळी वाट दिसली. वाटेवर कुणीही नव्हतं.

५

घाबरले का? हो, घाबरले, पण शिवासाठी. तो पडला असणार हे मला लख्ख कळलं, आणि त्याच क्षणी हेही कळलं की मी बराच वेळ त्याला सोडून पुढं आले आहे. बाकी सगळ्याचा विचार मी बाजूला ठेवला. सायकल वळवली आणि आल्या वाटेनं उभ्यानं पेडल मारत निघाले.

मी हाक मारली नाही. का मारली नाही ते आता सांगता येणार नाही. तोंड कोरडं पडलं होतं असं म्हणू.

उतार आता चढ झाला होता. अर्ध्यात पोचले असेन.

"हाव अक्का," मागून आलं. मी न विचारता.

मी वळले नाही. वळण्यात वेळ गेला असता, आणि खरं सांगायचं तर वळायची माझी तयारीही नव्हती. ज्या बाजूला आता माझी पाठ होती ती मघाशी पुढची वाट होती, आणि ती मी डोळ्यांनी रिकामी बघितली होती. मी दात-ओठ खाऊन चढ संपवला. त्यानंतर मागून काही आलं नाही.

सपाटी संपली तिथून नाल्याच्या पलीकडचा काठ दिसतो. तिथं बाभळीच्या सावलीत शिवा आडवा पडलेला दिसला. सायकल बोराटीत अडकली होती. आणि त्याच्या उशाशी एक बाई बसली होती.

माझा जीव भांड्यात पडला. मागून येणारी कुणीतरी स्पर्धक असणार, थांबली बिचारी. तिची पाठ माझ्याकडं होती. डोक्यावर पिवळं हेल्मेट, माझ्यासारखंच. वेणी त्याच्याखालून पाठीवर आलेली. ती शिवाच्या कपाळावर हात ठेवून, त्याच्या कानाशी वाकून काहीतरी बोलत होती.

"ओ ताई, थांबा, मी आले," मी ओरडले.

तिनं बोलणं थांबवलं नाही. वळलीही नाही. फक्त दुसरा हात पाठीमागं घेतला आणि वेणी उचलून खांद्यावरून पुढं टाकली, डाव्या खांद्यावरून, मनगटाला अर्धा पीळ देऊन. फळ्याकडं वळताना मी तसं करते. पोरं माझी नक्कल करतात तेव्हा तेच करून दाखवतात.

मग मी नाल्यात उतरले आणि ते झाड दिसेनासं झालं. धोंड्यांमधून सायकल खांद्यावर घेऊन वर आले तेव्हा झाडाखाली फक्त शिवा होता.

६

तो उताणा पडला होता. हेल्मेटला तडा गेलेला, कानामागून रक्त येऊन मातीत मुरलेलं, डावा खांदा भलत्याच जागी आलेला. डोळे उघडे होते आणि ओठ हलत होते. मी जवळ गेले तेव्हा ऐकू आलं. थोडा वेळ गप्प राहायचा, मग हळूच म्हणायचा, "हाव अक्का." परत गप्प. परत, "हाव अक्का."

"शिवा, मी आलेय," मी म्हटलं. "शिवा, इकडं बघ."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि तोंड मिटून घेतलं. लहान पोर औषध नको म्हणून मिटतं तसं.

मी पाणी त्याच्या ओठांना लावलं. त्यानं मान फिरवली. पाणी गालावरून ओघळलं. मी पुन्हा लावलं, त्यानं पुन्हा मान फिरवली, आणि त्या हालचालीनं खांदा दुखून तो कण्हला. मी चिडले. माझं हे असंच आहे, फार काळजी वाटली की मी चिडते. "नाटकं करू नको, पी," म्हणून ओरडलेसुद्धा.

तेवढ्यात बांधावरून एक बाई कळशी घेऊन आली. ज्वारी काढत होती, हातात विळा तसाच होता. लक्ष्मीबाई नाव तिचं, पुढं दवाखान्यात भेटायलाही आली होती. तिनं त्याच्या तोंडाशी पाणी धरलं आणि तो घटाघटा प्यायला.

"लई लागलंय की वो," ती म्हणाली. "मला वाटलं भन-भाऊ बसून जेवून राहिले. म्हनून आले न्हाई."

"कोण बसलं होतं? तुम्ही बघितलं?"

"तुमीच की. मघापासून ह्याच्या उशाला. हेच पिवळं टोपडं. म्या लांबून इचारलं बी, पानी आनू का म्हनून. तुमी हात केला."

"मी? ये म्हणून?"

"न्हाई," लक्ष्मीबाई म्हणाली. तिनं हात हवेत झटकून दाखवला. जा म्हणताना झटकतात तसा.

मी तिला सांगितलं की ती दुसरी कुणीतरी होती. तिनं विळा कमरेला खोचला, पदरानं शिवाच्या तोंडावरची धूळ पुसली आणि मी बांधावर चढून रेंज शोधत व्यंकटला फोन करेपर्यंत ती तिथून हलली नाही.

व्यंकट जीप घेऊन वरच्या सडकेनं आला. उचलून जीपमध्ये ठेवताना शिवा लक्ष्मीबाईला कुजबुजत म्हणाला, "थोडं थांबा हो. माझी अक्का येईल आता."

७

लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोक्यात रक्त साकळलं होतं आणि आणखी थोडा उशीर झाला असता तर हात टेकले असते. मी बाहेर बाकड्यावर बसून रडले. मी पुढं पेडल मारत होते, तो तिथं पडून होता, आणि जिला पाणी आणायचं होतं तिला कुणीतरी हात झटकून घालवलं होतं. हे तिन्ही एकत्र मनात आलं की मला अजूनही बसवत नाही.

शिवा शुद्धीवर आला. अव्वा आली होती. त्यानं अव्वाला ओळखलं, व्यंकटला ओळखलं, दुकानातल्या हमालांची नावं घेऊन चौकशी केली. मग म्हणाला, "अव्वा, अक्काला आणायला कुणी गेलं का?"

अव्वा हसली. "खुळ्या, ही काय तुझ्या पायापाशी बसलीय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात. दारात आलेल्या अनोळखी माणसाकडं चांगल्या घरातला मुलगा बघतो तसं बघितलं, आणि हात जोडले. "ह्यांनी मला आणलं," तो अव्वाला म्हणाला. "लई उपकार झाले यांचे."

डोक्याला मार लागल्यावर असं होऊ शकतं. चेहरा ओळखू येतो पण माणूस आपलं वाटत नाही, मग मेंदू ठरवून टाकतो की हे सोंग आहे. याला वैद्यकात नाव आहे, मला ते ठाऊक आहे आणि ते सांगून मी अव्वाला धीर दिला. आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती. अशा माणसांना चेहरा परका वाटतो, पण बहुतेक वेळा आवाज ओळखू येतो. फोनवर ती नीट बोलतात.

परीक्षा संपून क्लासला सुट्टी लागल्यावर मी उदगीरला आले. शिवा बरा झाला होता, खांदाही चालायला लागला होता, दुकानात बसत होता. मला जेवायला वाढायचा, पंखा लावून द्यायचा, आणि अंतर राखून वागायचा. एका संध्याकाळी मी माडीवर गेले आणि तिथून त्याला फोन लावला.

"अक्का," तो म्हणाला आणि ते नेहमीचं मोठं हसणं हसला. शास्त्र बरोबर होतं.

"कसा आहेस?" मी म्हटलं.

"मघाशीच तर विचारलीस की."

"मघाशी? मी कुठं फोन केला?"

"फोन कशाला? परसात बोललीस ना, मी न्हाणीत होतो तेव्हा. रोजच तर बोलतीस." मग त्यानं आवाज खाली आणला. "त्या बाई अजून घरातच हायत. चांगल्या हायत, पण मी ओ देत नाही त्यांना. तू म्हणाली होतीस ना पांदणीत, माझ्यासारखी दिसणारी एक येईल, तिला ओ देऊ नको म्हणून."

मी कठड्यावरून वाकून बघितलं. खाली परसात अव्वा तुळशीला पाणी घालत होती, दुसरं कुणी नव्हतं.

"आणि उद्या येतोय मी," शिवा म्हणाला. "तू म्हणतीस तसं. अर्धी राहिलीय आपली शर्यत. दोघांनी मिळून संपवायची."

८

तो निघायच्या आत दारात जाऊन बसायचं असं मी ठरवलं होतं, पण सकाळी उठले तेव्हा त्याची सायकल जागेवर नव्हती. अव्वा म्हणाली, उजाडताच गेला, खुशीत होता.

मी शेजारच्या गुरुलिंगला उठवलं, त्याच्या पिकअपमध्ये माझी सायकल टाकली आणि चाकूरकडं निघालो. वाटेत त्यानं दोनदा विचारलं काय झालं म्हणून. मी सांगितलं, शिवा एकटाच सरावाला गेलाय, डॉक्टर नको म्हणालेत. यात खोटं काही नव्हतं. पांदणीच्या अहमदपूरकडच्या तोंडाशी आलो तोवर ऊन चांगलंच तापलं होतं. पिकअप आत जाणार नव्हती, म्हणून गुरुलिंगला तिथंच थांबायला सांगून मी पांदणीत शिरले.

माझा बेत ठरलेला होता, आणि बेत चांगला होता. तोंड दाखवायचं नाही. माझ्या तोंडावर त्याचा भरवसा नाही, आवाजावर आहे. आज तो पुढं आहे, मी मागं. तो हाक मारेल तेव्हा मी ओ द्यायची, आणि ओ आली की तो वळून बघणार नाही. तशी ओ देत देत त्याला पांदणीतून पार करायचं, चाकूरच्या सडकेवर माणसांत आणायचं. तिथून पुढं व्यंकट होता, पोलीस होते, डॉक्टर होते. माझा भाऊ मी माझ्या गळ्याच्या जोरावर परत आणणार होते. मला त्यात शंका वाटत नव्हती.

नाला ओलांडून वर आले तेव्हा तो दिसला. सपाटीच्या टोकाला, जिथून लांब उतार सुरू होतो तिथं, सीटवर बसून एक पाय टेकून थांबला होता. रानं नांगरून पडली होती, कुठंही माणूस नव्हता. मी सायकल हळू घेतली. त्याच्या चाकाची टिकटिक थांबलेली होती, सगळीकडं इतकं शांत होतं की त्याचा श्वासही मला ऐकू येत होता असं वाटलं.

त्यानं मान पुढंच ठेवून हाक मारली. "अक्का?"

मी तोंड उघडलं.

"हाव शिवा," ओ आली. माझ्या आवाजात, शेवटी जराशी हसून, मी त्याला म्हणते तशीच. ती माझ्या तोंडून आली नव्हती. उताराकडून आली होती, त्याच्या पुढून, दोन गाड्यांच्या अंतरावरून.

शिवानं पाय उचलला आणि ब्रेक सोडले.

मग मी ओरडले. त्याच्या नावानं, अप्पांच्या नावानं, घसा फाटेपर्यंत ओरडले. तो थांबला नाही. त्याला ओ देऊ नको म्हणून सांगितलेलं होतं आणि तो शब्दाला पक्का आहे. उताराच्या कडेवरून तो खाली दिसेनासा झाला, मागं फुफाट्याचा लोट उठला, आणि त्या लोटात क्षणभर पिवळं काहीतरी पुढं जाताना दिसलं.

मी टोकाशी पोचले तोवर धूळ बसत आली होती. मातीत दोन सायकलींच्या चाकोऱ्या शेजारी शेजारी उमटून खाली गेल्या होत्या. मी ब्रेकवरचे हात काढले आणि तिसरी उमटवत निघाले.